निघालोच!

मराठीतला सर्वांत खोटा शब्द कोणता, असं विचारलं तर लोक निवडणुकीचे जाहीरनामे चाळायला लागतील. मी मात्र ‘निघालोच’ हा एकच शब्द पुढे करीन. हा शब्द मी टॉवेल गुंडाळून उच्चारलेला आहे, तोंडात ब्रश धरून उच्चारलेला आहे आणि एकदा तर पांघरुणाच्या आतून. ‘रिक्षातच आहे’, ‘सिग्नलला अडकलोय’ आणि ‘पाचच मिनिटं’ ही त्याची धाकटी भावंडं. या घराण्याचे एकेकाळी चांगले दिवस होते. मग फोनवर लाइव्ह लोकेशन आलं. मागच्या दिवाळीत बायकोने ते माझ्या फोनवरून परस्पर चालू करून दिलं, आणि मी ‘सिग्नलला आहे’ असं लिहिताक्षणी मेहुणीने सगळ्या खानदानाच्या ग्रुपवर विचारलं, “भावोजी, सिग्नल तुमच्या बेडरूममध्ये बसवलाय का?”

आता माझी बाजू ऐका. मी वक्तशीरच आहे, फक्त जरा जुन्या वेळेप्रमाणे. १ जानेवारी १९०६ पासून सरकारने सगळ्या देशाला साडेब्याऐंशी अंश रेखांशाची, म्हणजे तिकडे मिर्झापूरजवळची, वेळ लावली. मुंबईचं स्वतःचं घड्याळ त्याच्यापेक्षा ३९ मिनिटं मागे होतं. मुंबईकरांनी ही सुधारणा अजिबात मनावर घेतली नाही. गिरणी कामगारांनी आरडाओरडा केला, महापालिकेने आपला मुंबई टाइम सोडायला नकार दिला आणि तो पुढे कित्येक वर्षं चालवला. त्याच्याही आधी रेल्वे मद्रासची वेळ पाळायची. ती मुंबईच्या अर्धा तास पुढे. म्हणजे घरच्या घड्याळावर विसंबून बोरीबंदरला गेलेल्या माणसाची गाडी चुकायची ती अगदी अधिकृतपणे. तेव्हा मला दहाला बोलावलं आणि मी १० वाजून ३९ मिनिटांनी उगवलो, तर त्याला उशीर म्हणू नये. वारसा म्हणावं.

हा सगळा युक्तिवाद मी बायकोसमोर मांडला. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, “मग रोजची ८.१७ कशी मिळते हो?”

इथे माझं पितळ उघडं पडतं. डोंबिवलीची ८.१७ गेल्या अकरा वर्षांत माझी दोनदा चुकली असेल, त्यातली एक पावसामुळे. ती कागदोपत्री ८.१७ ची असली तरी येते ८.१९ ला, हे मला माहीत आहे. तिसरा डबा कुठल्या खांबासमोर थांबतो ते मला माहीत आहे. जिना उतरताना भोंगा ऐकू आला तर किती पायऱ्या गाळायच्या हेही पायांना पाठ आहे. ऑफिसात तीन लेट मार्क झाले की एक रजा कापतात, म्हणून मशीनवर माझा अंगठा ९.४४ ला पडतो. नाटकाची तिसरी घंटा होण्याआधी मी खुर्चीत असतो, हातात बटाटेवडा असतो तो भाग वेगळा. लोकल थांबत नाही, मशीन थांबत नाही, नाटक थांबत नाही. थांबतात आई, बहीण, बायको आणि शाळासोबती. उशीर होतो तो नेमका यांच्याकडेच. तेव्हा घड्याळ मला कळत नाही असं कुणी समजू नये. कोण किती वेळ थांबेल, हे मला सेकंदापर्यंत कळतं.

(हा गुण माझ्या एकट्याचा नाही. लग्नपत्रिकेवर मुहूर्त छापतो आपण १२ वाजून ३४ मिनिटांचा. बूड टोचलेली तांब्याची वाटी पाण्यात सोडून, ती बुडाली की एक घटका, म्हणजे २४ मिनिटं, असं मोजणाऱ्यांचे आपण वारस. आणि १२.३४ ला मांडवात काय असतं? अक्षता हातात घेऊन घामेजलेली माणसं, आणि ‘मॅडम, जरा हनुवटी वर’ म्हणणारा फोटोग्राफर. घटिका भरली तरी त्याची बॅटरी भरलेली नसते.)

तरीही सुधारायचं ठरवलं. पहिला उपाय सर्वांचा असतो तोच, घड्याळ पुढे करण्याचा. हॉलमधलं मी दहा मिनिटं पुढे केलं. बायकोला ते माहीत नव्हतं, तिने आणखी पाच मिनिटं केलं. स्वयंपाकघरातलं सासूबाईंनी त्यांच्या मालिकेच्या हिशेबाने सात मिनिटं पुढे ठेवलेलं होतं. बेडरूममधलं बंद पडलेलं, ते मुलाने अंदाजाने लावलं. आता आमच्या टू बीएचकेमध्ये तीन प्रमाणवेळा आहेत. हॉलमधून स्वयंपाकघरात जाताना माणूस आठ मिनिटं मागे जातो. किती वाजले असं कुणी विचारलं की आम्ही आधी ‘कुठे?’ असं विचारतो. आणि एवढं करून उपयोग शून्य, कारण घड्याळ पुढे आहे हे ज्याला माहीत असतं तो वजाबाकी करतो, आणि वजाबाकीत मी शाळेपासून चांगला.

मग बायकोने मला वेळाच खोट्या सांगायला सुरुवात केली. सातचं हळदीकुंकू साडेसहाला. ते मला कळलं, मी अर्धा तास वळता करू लागलो. तिला तेही कळलं, ती सहा सांगू लागली. भाव असेच वाढत गेले. पुतणीच्या बारशाला तिने सकाळी नऊ सांगितलं, मी मनात साडेदहा धरले, आणि ते खरोखरच नऊला होतं. पोचलो तेव्हा पाळण्यात बाळ झोपलेलं, घुगऱ्या संपलेल्या. वहिनीने मला थंड चहा दिला आणि बाळाचं नाव दोनदा विचारूनही सांगितलं नाही.

शेवटी पुस्तकांकडे वळलो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वेर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या रोगाला ‘प्लॅनिंग फॅलसी’ असं नाव दिलं, हे वाचून फार बरं वाटलं. रोगाला इंग्रजी नाव असलं की रोग्याला प्रतिष्ठा येते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात विद्यार्थ्यांना प्रबंध किती दिवसांत पुरा होईल असं विचारलं होतं. सरासरी निघाली ३४ दिवस. बरं, सगळं वाईटात वाईट झालं तर? तर म्हणे ४९. प्रत्यक्षात लागले ५५. माझंही तेच. घर ते दादर मी एक तास धरतो, कारण फार वर्षांपूर्वी एका रविवारी मी खरोखरच तासात पोचलो होतो. बाकीचे हजारभर दिवस माझ्या लेखी अपवाद.

म्हणून आठवडाभर वही घेऊन मोजलं. प्रवासाला लागायचा तेवढाच वेळ लागत होता, खाल्ला होता तो ‘निघण्या’ने. मी समजत होतो की निघणे म्हणजे एक क्षण. दार ओढलं, निघालो. वहीत निघण्याची २३ मिनिटं भरली. चष्मा सापडत नाही, तो शोधायला चष्मा लागतो. गॅस बंद केलाय का हे बघायला परत जाणं, आणि तो बंद असतो म्हणून थोडं वाईट वाटणं. लिफ्ट सातव्या मजल्यावर कुणाचं तरी कपाट भरत असते. खाली वॉचमनला गावाकडच्या पावसाची चौकशी. पुढे शेअर रिक्षाची रांग. परतीची तर आणखी कथा. आपण मराठी माणसं ‘जातो’ म्हणतच नाही, ‘येतो’ म्हणतो. मग उठून उभं राहून एक विषय, चपला घालताना दुसरा आणि फाटकाशी मुख्य.

वहीतली २३ मिनिटं धरून गेल्या शनिवारी निघालो. दर शनिवारी सकाळी अकरा वाजता दादरला, मध्य रेल्वेच्या इंडिकेटरखाली, माझा शाळेतला मित्र मला भेटतो. पंधरा वर्षं झाली. मी सव्वाअकरा, कधी साडेअकराला पोचतो. तो हसतमुखाने म्हणतो, “असू दे रे, मी आत्ताच आलो.” देवमाणूस. त्याचे किती तास मी खाल्ले याचा हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर मांडला, तर सव्वादोनशेच्या वर गेला. त्याची माफी मागायची असंही ठरवलं होतं.

पोचलो तेव्हा १०.५६ झाले होते. तो नव्हता. म्हटलं, येईल, अजून चार मिनिटं आहेत.

अकरा वाजले. इंडिकेटरवरची कल्याण स्लो गेली, कर्जत फास्ट आली. दोन बायका फुलांच्या पाट्या टेकवून शेवंतीवर पाणी मारत बसल्या होत्या, त्यातलं थोडं माझ्या पायावर आलं. वाट बघायला वेगळेच स्नायू लागतात हे मला माहीत नव्हतं. आधी मी या पायावरून त्या पायावर गेलो. मग फोन काढून ठेवला, परत काढला. पाणपोईवरची सूचना तीनदा वाचली. अकरा वाजून सहा मिनिटं झाली तेव्हा मला वाटलं वीस झाली असतील. अकरा वाजून बारा मिनिटांनी एका माणसाने मला टीसी समजून नाशिकची गाडी विचारली.

सव्वाअकराला राहवेना. फोन लावला.

“कुठे आहेस रे?”

“अरे, इथेच,” तो म्हणाला. “इंडिकेटरखाली. कधीपासून तुझीच वाट बघतोय.”

मी आजूबाजूला पाहिलं. इंडिकेटरखाली मी होतो, शेवंती होती आणि एक झोपलेलं कुत्रं होतं.

“तू आलास की काय?” त्याने जरा घाबरून विचारलं.

“नाही नाही,” मी म्हणालो. “निघालोच.”

“सावकाश ये,” तो म्हणाला. त्याच्या मागे, माटुंग्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात, कुकरची दुसरी शिट्टी झाली.