ती डिस्क रिकामी नव्हती

माझ्या सॅम्पलरचं ‘अपग्रेड’ करून देणाऱ्या कारागिरास,

तुमचं नाव लिहीत नाही, दुकानाचा पत्ताही देत नाही. पत्र मात्र उघडपणे लिहितोय, कारण माझ्यासारखे आणखी लोक आपली जुनी यंत्रं तुमच्या टेबलावर विश्वासाने ठेवत असणार.

मी तुमच्याकडे अकाईचा एस३०००एक्सएल, म्हणजे आवाज टिपून हवे तसे वाजवणारा माझा सॅम्पलर, घेऊन आलो होतो. तक्रार एका ओळीची होती. फ्लॉपी ड्राइव्ह वाचत नाही, तिच्या जागी पेन ड्राइव्हवर चालणारा इम्युलेटर बसवून द्या. बाहेरची स्कझी हार्ड डिस्क फक्त जोडून बघण्यासाठी सोबत दिली होती आणि तिच्यावर मी स्वतः कागद चिकटवला होता : ‘आतला माल चालू आहे, हात लावू नये.’ तीन आठवड्यांनी यंत्र परत मिळालं, तेव्हा त्या डिस्कच्या जागी मेमरी कार्डाचा अडॅप्टर होता. बिलावर ठळक अक्षरांत ‘स्टोरेज अपग्रेड, ६४ जीबी’ आणि त्याच्याखाली ‘जुनी डिस्क स्क्रॅप’. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला!

फोन केला तर तुम्ही म्हणालात, “साहेब, कॉम्प्युटरला लावली तर रिकामीच दिसत होती. फॉरमॅट करू का विचारलं, मी हो म्हटलं.”

विंडोजला ती रिकामी दिसणारच. अकाईच्या यंत्रांची डिस्कवर लिहिण्याची रीत स्वतःची आहे आणि विंडोजला ती वाचता येत नाही. वाचता येत नाही म्हणून तो फॉरमॅटचा प्रश्न विचारतो. मोडी वाचता येत नाही म्हणून कोणी दप्तरखान्यातले कागद कोरे ठरवून रद्दीत घालत नाही. तुम्ही तेच केलंत, आणि वर त्याचे पैसेही घेतलेत.

त्या डिस्कवर काय होतं ते आता ऐका. १९९८ सालच्या उन्हाळ्यात मी नारायणगावला गेलो होतो. तमाशाच्या फडातल्या एका म्हाताऱ्या ढोलकीवाल्याने दोन दिवस माझ्यासमोर बसून एकेक बोल वाजवून दिला. हलका, मध्यम, जोरकस. मग डाव्या पुडीवर मनगट दाबून काढलेला घुमारा, तो विरेपर्यंत सगळ्यांनी श्वास धरलेला. दुसऱ्या दिवशी हलगी शेकून घेतली आणि तीही तशीच टिपली. पुढचे अनेक महिने मी ते आवाज त्या छोट्या पडद्यावर कापत, जुळवत बसलो. अकाईत कळांच्या एका गटात, म्हणजे कीग्रुपमध्ये, चार आवाज ठेवता येतात आणि बोट किती जोरात पडलं त्यावर कोणता वाजायचा ते ठरतं. कोणत्या जोरावर कोणता बोल, हे मी त्यांची ढोलकी पुन्हा पुन्हा ऐकून लावलं होतं. नावाला फक्त बारा अक्षरांची जागा, तीही इंग्रजी मोठ्या लिपीतली. त्यात ‘घुमारा लांब २’ बसवायचं म्हणजे स्पेलिंगची ओढाताण. अशी शेकडो नावं त्या डिस्कवर होती. ते ढोलकीवाले काका आज हयात नाहीत.

तुम्ही म्हणाल, सॅम्पलरच्या आत नव्हतं का काही? नाही. या पिढीच्या सॅम्पलरची मेमरी वीज गेली की कोरी होते. आवाज टिकतो तो फक्त डिस्कवर. माझ्या यंत्राची मेमरी जास्तीत जास्त ३२ एमबी. सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येकी दोन बाइट, म्हणजे एकेरी आवाजाची सहा मिनिटं आणि थोडी सेकंदं. एका फ्लॉपीत जेमतेम १८ सेकंद मावतात. मेमरी पूर्ण भरायची तर वीसएक फ्लॉप्या एकामागून एक घालत बसायचं. म्हणूनच तेव्हा सगळे स्कझी डिस्क घेत होते, आणि म्हणूनच मला आता फ्लॉपीच्या जागी इम्युलेटर हवा होता. स्टोरेज बदलायला माझा विरोध नाही. १९८७ च्या ई-म्यू एसपी-१२०० मध्ये सगळे मिळून दहा सेकंदांचे आवाज मावायचे. त्या दहा सेकंदांत न्यूयॉर्कच्या पोरांनी हिप-हॉपची कितीतरी गाणी उभी केली. आज त्याच यंत्रात इम्युलेटर बसवून लोक कामं करतात आणि त्याचा नाद तसाच राहतो. जुन्या ड्राइव्ह मरणारच आहेत. त्यांच्या जागी नवं बसवणं हे यंत्र जिवंत ठेवण्याचं काम आहे, आणि हे काम नीट करणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे.

तुम्ही ते नीट केलं नाहीत. साधा इम्युलेटर आणून, आहे तसा स्क्रूने आवळून दिलात. पीसीच्या फ्लॉपीवर एका ट्रॅकला ५१२ बाइटचे १८ सेक्टर असतात, अकाईच्या फ्लॉपीवर १,०२४ बाइटचे १०. पीसीची १.४४ एमबीची, अकाईची १.६ एमबीची. कारखान्यातून आलेल्या साध्या इम्युलेटरला पीसीचीच मांडणी कळते. त्यात फ्लॅशफ्लॉपी नावाचं फर्मवेअर घातलं की अकाईचीही कळते आणि ते फर्मवेअर फुकट मिळतं. एका संध्याकाळचं काम. ते मला घरी करावं लागलं.

कार्डाचीही तीच गत. ६४ जीबीचा आकडा बिलावर दणदणीत दिसतो, पण अकाईची ही यंत्रं डिस्कच्या एका विभागात ६० एमबीच्या वर जात नाहीत. कार्डाचा नगण्य तुकडा वापरात येतो, बाकीचं नुसतं पडून राहतं. स्कझीच्या साखळीत ० ते ७ असे आठ क्रमांक असतात. एक सॅम्पलरचा, उरलेले सात. चांगल्या अडॅप्टरवर एकाच कार्डाच्या अनेक छोट्या डिस्क करून त्यांना वेगवेगळे क्रमांक देता येतात. मग ढोलकी एकीवर, हलगी दुसरीवर, अशी सोय होते. तुम्ही एकच डिस्क केलीत. साखळीच्या टोकाला लागणारा टर्मिनेटर जुन्या डब्याबरोबर फेकून दिलात. म्हणून दर तिसऱ्या लोडला यंत्र अडकत होतं आणि मला वाटत होतं की मेमरीच गेली.

हे सगळं मी दुरुस्त केलं. इम्युलेटर आता वाचतो, टर्मिनेटर लावला, यंत्र अडकत नाही. जपून ठेवलेल्या ४६ जुन्या फ्लॉप्या ग्रीसवीझल नावाच्या सर्किटच्या पट्टीला साधा पीसी ड्राइव्ह जोडून वाचून काढल्या. ३१ निघाल्या, बाकीच्यांवर बुरशी चढली होती. त्या ३१ मध्ये हलगी बरीचशी आहे. ढोलकी फक्त हलक्या बोलांची. घुमारा नाही. त्याचा संच मोठा होता, एका फ्लॉपीत मावत नव्हता, म्हणून फक्त डिस्कवर ठेवला होता.

हातात डिस्क आल्यावर पहिलं काम काय असतं, हे या धंद्यातल्या माणसाला सांगायची वेळ येऊ नये. काही बदलण्याआधी, काही विचारण्याआधी, पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत जशीच्या तशी प्रत काढायची. आतलं कळो वा न कळो. अकाईची मांडणी उलगडणारी अकाईयूटिलसारखी साधनं आहेत, पण ती नंतर. आधी प्रत. त्याला तुमचा एक तास गेला असता आणि मी त्याचे मागाल ते पैसे दिले असते.

आता मुद्द्याचं. तुम्ही घाईने केलं असणार ते क्विक फॉरमॅट. त्यात विंडोज डिस्कवर मोजक्या जागी आपली यादी लिहितो आणि बाकीचं बहुतेक तसंच राहतं. अकाईच्या प्रत्येक विभागाची यादी त्या त्या विभागाच्या सुरुवातीला असते. पहिला विभाग गेला असेल. घुमारा चौथ्यात होता. तो अजून तिथेच असण्याची दाट शक्यता आहे, जर त्या डिस्कवर पुन्हा कोणी काही लिहिलं नसेल तर.

म्हणून ती डिस्क मला परत द्या. तिला वीज लावू नका, कुठल्या कॉम्प्युटरला जोडू नका, चालते का ते बघू नका. तुमच्या दुकानातल्या खोक्यात असेल तर बाजूला काढून ठेवा. भंगारात गेली असेल तर कोणत्या भंगारवाल्याला दिलीत तेवढं सांगा, मी जाऊन शोधतो. करड्या रंगाचा धातूचा डबा आहे आणि त्याच्यावर माझ्या अक्षरातला तो कागद अजून चिकटलेला असेल. बिलाचे पैसे मागणार नाही, भांडायलाही येणार नाही. माझा फोन नंबर तुमच्या बिलबुकात आहे. रात्री कितीही वाजता केलात तरी उचलीन.