शेठच्या हॉटेलातला दहावा माणूस

अहो, ऐकलंत का? या इकडे, गडग्याला टेकून उभ्या राहा जरा. मोठ्यानं बोलायची सोय नाही, शेठची मेव्हणी पलीकडे वाल सोलत बसलीय आणि तिचे कान म्हणजे... जाऊ दे.

तर आपल्या विजयदुर्गातल्या जेटीच्या रस्त्यावरचं, शेठच्या हॉटेलातलं ते प्रकरण. सुरुवात 1 मेलाच झाली हो! सकाळी झेंडावंदन, शेठ कडक इस्त्रीत पुढच्या रांगेत. महाराष्ट्र दिनाचा जयजयकार केला, कामगार दिनाचाही केला, सगळ्यांत मोठा आवाज ह्यांचाच. आणि तिथून हॉटेलात येऊन म्हणतात काय, "आज पुण्याच्या दोन बस आसत, कोणी हलाचा नाय!" आता सीझन आहे, किल्ल्यावरचे साहेबाचे ओटे बघून उन्हातून उतरलेली माणसं सोलकढी मागणार, ते सगळं खरं. पण काउंटरवर बसते ना ती, माझ्या जावेच्या बहिणीची मुलगी, देवगडच्या कॉलेजात शिकलेली... तिनं बिलबुक बंद केलं नि विचारलं, "शेठ, आजचे डबल ना?"

मी तिथंच होते. आमसुलं द्यायला गेले होते, उगीच नव्हते गेले. आचाऱ्याचा झारा कढईवरच थांबला. ती आपली शांत. म्हणाली, 2017 चा दुकानांचा कायदा वाचा शेठ. 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर आणि वर चार सण, आठ भरपगारी सुट्ट्या. त्या दिवशी राबवलंत तर मजुरी दुप्पट, शिवाय बदली रजा.

शेठचा चेहरा काय उतरला म्हणून सांगू! पण क्षणभरच हं. मग हसले आणि गणपतीच्या तसबिरीखालची फ्रेम काढून तिच्यापुढे धरली. कामगार खात्याला ऑनलाइन कळवल्याची पावती. कामगार किती? नऊ. तो कायदा तेव्हा दहा माणसांपासून लागायचा हे काय तुम्हाला मी सांगायचं? नऊपर्यंत नुसतं कळवायचं, की सुटलात.

पण शेठच्या नशिबानं आमचे हे तिथं चहा पीत होते. ह्यांचा जन्म गेला एसटीत कंडक्टरकीत. चार माणसं दिसली की हे डोकी मोजणार. बशी खाली ठेवली आणि बोट फिरवायला सुरुवात. आचारी एक, त्याच्या हाताखालचा दोन, वाढपी चार, भांड्याच्या दोघी सहा, खोल्या झाडणाऱ्या आठ, काउंटर नऊ, मासे आणणारा पोरगा दहा, रात्रीचा नेपाळी अकरा. "शेठ, दोन विदाऊट तिकीट!" सगळं हॉटेल हसलं, पुण्याचेसुद्धा.

शेठ म्हणाले, राखणदार धरत नाहीत. पोरगी म्हणाली, नका धरू, तरी दहा. तेव्हा शेठनी आपला हुकमी एक्का काढला. छातीवर हात ठेवून, डोळे ओले करून म्हणाले, "अगो, नोकर खंय आसत? सगळे घरचेच मां माझे!" मालकाच्या घरची माणसं त्या कायद्यात येत नाहीत ना, म्हणून हे प्रेम. तर भांडी घासणारी, जी कधी तोंड उघडत नाही, ती राखेचे हात पदराला पुसत पुढे आली. "घरचे? मगे सातबाऱ्यार नावां लावा आमची."

अहो, मेव्हणीच्या हातातला पेला पडायचा राहिला!

हां, तर काय सांगत होते... डबल काही मिळालं नाही. प्रत्येकाला दोन डझन हापूस मिळाला, त्यातला खालचा थर डागी. पण बुधवारची सुट्टी मात्र लागली. आणि बायका साडेनऊला सुटायला लागल्या. नाहीतर अकरा वाजेपर्यंत थांबवायचे. त्याच कायद्यानं बाईची संमती असल्याशिवाय रात्री साडेनऊ ते सकाळी सात तिला कामावर ठेवता येत नाही, आणि ठेवलीच तर घरी पोचवायची सोय मालकानं करायची. शेठची सोय म्हणजे काय, तर हातात एक बॅटरी. सेलसुद्धा ज्याचे त्यानं घालायचे.

आता खरी मजा ऐका. गणपतीत चाकरमानी आले. अकरा दिवसांचे गणपती होते अजून, आरती संपून शेवखंडाच्या लाडवांवर हात पडतायत, एवढ्यात शेठच्या भाच्यानं मोबाईलवरून बातमी वाचली. 2025 च्या सप्टेंबरातली, मुंबईत मंत्रिमंडळानं ठरवलंय म्हणे, कायदा आता दहाऐवजी वीस माणसांपासून लावायचा. दिवसाचे तास नऊचे दहा. शेठचा चेहरा मोदकासारखा फुलला! म्हणाले, बाप्पा पावला. आमचे हे टाळ खाली न ठेवताच म्हणाले, "मग आता नऊ कशाला सांगता? एकोणीस सांगा की बिनधास्त."

मला विचाराल तर हे आकड्यांचं गणित मला पटत नाही. दहाव्या माणसाचे पाय दुखतात आणि नवव्याचे दुखत नाहीत, असं असतं का कुठं? आणि अख्ख्या विजयदुर्गात वीस नोकरांचं हॉटेल दाखवा मला. आमचे हे तर त्या रात्री जेवले नाहीत नीट. 1977 ला रोजगार हमीचा कायदा आपल्या महाराष्ट्रानं केला, दिल्लीला 2005 उजाडलं, आणि आता आपणच मागं... असं घरभर फिरत बोलत होते. मी म्हटलं, आमटी निवतेय.

पण ती पोरगी हुशार हो! दुसऱ्या दिवशी कामावर गेली आणि म्हणाली, शेठ, वीसचं वीस बघू, किमान वेतनाला आकडा लागत नाही, एक माणूस ठेवला तरी द्यावंच लागतं. आणि त्यातला विशेष भत्ता जानेवारी-जुलैत बदलतो, जुलैचा फरक कधी देताय? शेठनी बुधवारच्या सुट्टीला हात लावला नाही. लावतील कसे? सगळे सोडून गेले तर दिवाळीच्या गर्दीत करायचं काय?

आणि कालचा बुधवार तर... जवळ या. हॉटेलात शेठाणी एकटीच चुलीपुढे. दहा पर्यटक ताटं मांडून बसलेले, आचारी नाही, भांड्याला कोणी नाही. शेठ आत येऊन म्हणाले, भाकऱ्या झाल्या काय गो? तिनं तवा उतरून ठेवला चक्क. म्हणाली, "मी घरची मां? मगे कायद्यात माझी सुट्टी खंय बसता, ता त्या चेडवाक विचारून येवा."

शेठ गेले हो विचारायला! चपला न घालता.