जोडीतला एक कॅमेरा नेणाऱ्यास

वाघ टिपायला जंगलवाटेवर लावलेल्या कॅमेरा ट्रॅपची जोडी फोडून त्यातला एक डबा घेऊन गेलेल्या इसमास,

नमस्कार लिहीत नाही. तुझे नाव मला ठाऊक नाही, पण तुझा फोटो निघालेला आहे आणि तो तुझ्याच ताब्यात आहे. हा कॅमेरा अंगाची ऊब आणि हालचाल टिपून आपोआप चालू होतो. तो झाडाला गुडघ्याएवढ्या उंचीवर बांधलेला असतो. पट्टा कापायला तू त्याच्या पुढ्यात वाकलास आणि स्वतःचे तोंड मेमरी कार्डात भरून घरी घेऊन गेलास. यालाच चोरी जमली म्हणतोस का?

आणि त्या डब्याचे केलेस काय? त्यात सिम नाही, मोबाईलवर दिसत नाही. दारावर लावून घराची राखण होत नाही. विकायला नेलास तर दुकानदार पहिला प्रश्न विचारेल, वन विभागाचा डबा तुझ्याकडे कसा? भारतीय न्याय संहितेचे कलम 303 तुला लागू होते, हे तो सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

तुला वाटले असेल, दोन होते, एक नेला, एक राहिला. एका कॅमेऱ्याने अर्धे काम होत नाही रे, कित्येकदा कामच होत नाही. वाघाच्या डाव्या कुशीवरचे पट्टे आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात. म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना कॅमेरे लावतात, तेही जरा तिरके, म्हणजे एकाच्या फ्लॅशने दुसऱ्याचा फोटो पांढरा पडू नये. एकाच क्षणी दोन्ही कुशी मिळाल्या की त्या वाघाची ओळख पक्की होते. संगणकात फोटोवर खांदा, कंबर, शेपटीचे मूळ अशा खुणा ठरवतात, वाघ तिरपा चालत असला तरी त्याचे अंग सरळ धरून पट्टे जुळवतात आणि शेवटचा निर्णय माणसाचा डोळा देतो. आज डावी कूस एका नाल्यावर आणि परवा उजवी कूस दुसऱ्या पाणवठ्यावर मिळाली, तर तो एकच वाघ की दोन, हे कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

हल्ली काही घरांच्या दारावर चेहरा ओळखणारा कॅमेरा असतो, तो आठव. त्यालाही घरच्या माणसाचा एकच फोटो देऊन भागत नाही. समोरून, बाजूने, उजेडात, रात्रीच्या इन्फ्रारेडमध्ये असे फोटो द्यावे लागतात, कॅमेरा छपराशी न टांगता तोंडाच्या पातळीच्या जवळ आणावा लागतो, मागून ऊन येत असेल तर जागा बदलावी लागते. नाहीतर तो सख्ख्या भावाला परका ठरवतो. दारावर त्या चुकीने घंटा वाजते. जंगलात त्याच चुकीने माणूस मरतो.

कसा, ते सांगतो. सीटी-1 नावाच्या वाघाने तेरा माणसे मारली. सहा गडचिरोली जिल्ह्यातल्या वडसा भागात, चार भंडारा जिल्ह्यात, तीन चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी भागात. तीन जिल्ह्यांची हद्द त्याला ठाऊक नव्हती. हे सगळे एकाच जनावराचे काम आहे, हे कळायला सगळीकडचे पट्टे एकमेकांशी जुळवावे लागतात. ऑक्टोबर 2022 मध्ये तो वडशाच्या जंगलात बेशुद्ध करून पकडला गेला. अशा वेळी ओळख चुकली तर निरपराध वाघ पिंजऱ्यात जातो, गाव सुटकेचा श्वास टाकते, बाया पुन्हा जंगलात शिरतात आणि माणसे मारणारा तिथेच बसलेला असतो. मे 2025 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात मेंढा-मालच्या जंगलात तेंदूपाने तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मेल्या. मोहफुले वेचताना, तेंदू तोडताना बाई वाकलेली असते. वाघाला ती कदाचित माणूस वाटतच नाही. गावात अशी बातमी आली की म्हाताऱ्या एकच विचारतात, "कोन्ता वाघ होय गा तो?" त्या प्रश्नाचे उत्तर तुझ्या घरात, कदाचित धान्याच्या कणगीमागे पडले आहे.

तुझी बाजूही मला दिसते, तीही लिहितो. कदाचित तू डबा विकायला नेलाच नसशील. सरपणाची मोळी, मोहाची दारू किंवा घरची बाई कॅमेऱ्यात आली, ही भीती असेल. ती खोटी नाही. उत्तराखंडातल्या कॉर्बेटमध्ये जंगलात शौचाला बसलेल्या बाईचा कॅमेऱ्यातला फोटो गावात फिरवला गेला, हे 2024 मध्ये छापून आलेल्या संशोधनातून जगाला कळले. तसे इथे होऊ नये, यासाठी मीही भांडेन. पण त्याची जागा ग्रामसभा आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावच्या माणसांनी 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला तो सभेत बसून, ठराव करून, वर्षानुवर्षे कागदोपत्री लढून. कॅमेरे कुठे लागणार हे आधी सांगा, बायांच्या जाण्यायेण्याच्या वाटा सोडा, माणसांचे फोटो पुसा, असा ठराव तूही मांडू शकला असतास. तू रात्री गेलास आणि पट्टा कापलास. त्याने एकाही बाईची अब्रू राखली गेली नाही. उलट तिच्या वाटेवर कोणता वाघ फिरतो, हेच आता कोणाला माहीत नाही.

तेव्हा आता एवढे कर. डबा पोलीस पाटलाच्या ओट्यावर ठेव. तेही जमत नसेल तर नुसते कार्ड लिफाफ्यात घालून ग्रामपंचायतीच्या दाराखालून सरकव. तुझा फोटो असल्याने तू ते फॉरमॅट केले असशील, तरीही दे. त्यावर नवे काही भरले नसेल तर पुसलेले फोटो बऱ्याचदा परत निघतात. मोबाईलमध्ये घालून त्यावर गाणी मात्र भरू नकोस. आणि तेंदूचा हंगाम लागायच्या आत दे.

व्याघ्र प्रकल्पाच्या बफर क्षेत्रातल्या गावचा एक रहिवासी