शेवट पटला नाही

अमरावतीत मत मागावं लागत नाही. राजकमल चौकात उभं राहून नुसतं घड्याळात पाहिलं, तरी दोन माणसं थांबतात आणि उड्डाणपूल, पाऊस आणि कपाशीचा भाव यांवर आपापलं मत देऊन जातात. पुस्तकाच्या बाबतीत तर त्याहून मोठी सोय आहे. मत देण्यासाठी ते वाचावंही लागत नाही. हवेत बोलत नाही मी, पुरावा या क्षणी माझ्या टेबलावर पडलेला आहे.

पुरावा म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या वाचनालयाची एक कादंबरी. खून आहे, प्रेम आहे, पावसाची रात्र आहे आणि बंगल्याला दोन जिने आहेत. कधीकाळी पुठ्ठा निघाला म्हणून ती जिल्दवाल्याकडे गेली आणि तिथून तपकिरी रेग्झिन लेवून परत आली. जिल्दवाल्याने कडा सारख्या करताना पुढची चार पानं उडवली, म्हणजे पुस्तकाचं आणि लेखकाचं नाव गेलं. पाठीवर चिकटवलेला दाखल क्रमांकही दुसऱ्याच कुठल्या पुस्तकाचा. रजिस्टरात त्या नंबरापुढे कपाशीवरच्या किडींचं पुस्तक लिहिलेलं आहे. १९६७च्या कायद्यानंतर ग्रंथालयांना वर्ग आले, अनुदान आलं, त्यापाठोपाठ तपासणीही आली. दरवर्षी तपासणीला येणारे साहेब रजिस्टर पाहून खूश होतात. त्यांच्या लेखी आमच्या मोहल्ल्यातल्या गृहिणींना बोंडअळीत विलक्षण रस आहे.

या प्रतीची खरी श्रीमंती तिच्या समासात आहे. पान १२ वर नायिका पहिल्यांदा येते, तिथे निळ्या शाईत लिहिलंय, 'हिच्यावर लक्ष ठेवा.' पान ३१ वर पेन्सिलीने, 'खुनी माळी हाये.' त्याखाली दुसऱ्या हाताने, 'माळी नाई, वकील.' त्याखाली तिसऱ्याने दोन रकाने आखून मतदान घेतलंय. उभ्या रेघा मोजल्या तर माळी ९, वकील १४. एका मतदाराने दोन्हीकडे रेघ मारून ती परत खोडली आहे, तो बहुधा नगरसेवक झाला असावा. पान ११२ वर नायक नायिकेचा हात हातात घेतो, तिथे गिल्यावड्याच्या चटणीचा डाग आहे. तो डाग पुढच्या तीन पानांत उतरलाय, म्हणजे त्या वाचकाने वडा खाली ठेवला, पण पुस्तक ठेवलं नाही. लेखकाला याहून मोठा पुरस्कार कोणता मिळणार?

तर मी ठरवलं, या कादंबरीवर वाचकांची मतं घ्यायची. संध्याकाळी वाचनालयाच्या बाकावर ती फुकट मिळतात.

पहिलं मत काकूंचं. त्या पुस्तक नेताना भाजीच्या पिशवीत तळाशी घालतात आणि वर मेथीची जुडी ठेवतात. म्हणाल्या, "हे चंद्रकांत काकोडकर हायेत. पयल्या पानातच ओळखलं मी." पहिलं पान जिल्दवाल्याकडे राहिलं, हे मी बोललो नाही. काकोडकर हा काकूंचा जिव्हाळ्याचा विषय. 'नीलांबरी'वरून १९६९ साली 'दो रास्ते' निघाला, तेव्हा त्यांनी तो तीनदा पाहिला होता आणि तिन्ही वेळा घरी महिला मंडळात जाते म्हणून सांगितलं होतं. याच काकोडकरांची 'श्यामा' १९६२ मध्ये 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली आणि अश्लीलतेच्या आरोपाखाली खटला पार सर्वोच्च न्यायालयात गेला. १९६९ मध्येच निकाल लागला, कादंबरी अश्लील नाही. मराठी वाचकाची त्याहून मोठी निराशा कोणी केली नसेल. पण मला त्या न्यायमूर्तींचं कौतुक वेगळ्याच कारणासाठी वाटतं. मराठी प्रेमकथेवर मत द्यायच्या आधी ती वाचणं ज्यांना भाग होतं, असे वाचक आपल्या वाङ्मयाच्या इतिहासात फार थोडे.

"बाकी ठीक, पण मले शेवट बिलकुल पटला नाई," काकू म्हणाल्या. "पोरीले मारायले नोको होतं."

दुसरं मत वकीलसाहेबांचं. "काकोडकर कायचे! शंभर टक्के सुशि." सुशि म्हणजे सुहास शिरवळकर. या माणसाचं पूर्ण नाव घेणारा त्याचा वाचक नव्हे. वकीलसाहेबांनी वकिली घेतली ती सुशिंच्या बॅरिस्टर अमर विश्वासच्या नादाने. पुढे कोर्टात फिरोज इराणी किंवा दारा बुलंद कधी भेटले नाहीत, नुसत्या तारखा भेटल्या. त्यांचं मत असं की सुशि आता पहिल्यासारखं लिहीत नाहीत. सुशि २००३ साली गेले, हे मी हळूच सांगितलं. वकीलसाहेब म्हणाले, "तेच म्हणतो ना मी, त्याच्यानंतर दर्जा घसरला." शेवटाबद्दल विचारलं, तर म्हणाले, "पटला नाही. वकिलाला उगाच गोवलंय. पुराव्याअभावी तो सुटायला पाहिजे होता."

तिसरी कॉलेजातली पोरगी. तिने सुशिंची १९८२ची 'दुनियादारी' २०१३च्या सिनेमातून वाचली आहे आणि 'समांतर' मोबाइलवर. तिचं मत स्पष्ट होतं, "काका, क्लायमॅक्स प्रेडिक्टेबल आहे. मला आधीच माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"की शेवट असाच करणार."

चौथे निवृत्त गुरुजी. यांनी बाबूराव अर्नाळकरांचा पक्ष घेतला. अर्नाळकरांच्या रहस्यकथांची नोंद गिनीज बुकात आहे, १९३६ ते १९८४ या काळात १,०९२. गुरुजींनी लगेच भागाकार करून दाखवला, वर्षाला तेवीस, महिन्याला जवळजवळ दोन. "आमचं पोट्टं महिन्यात दोन पानं शुद्धलेखन लिहीत नाही," म्हणाले. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू यांच्या जिवावर एक अख्खी पिढी वाचायला शिकली. शाळेने शिकवलं ते वेगळं, ते परीक्षेपुरतं. हे सगळं खरं आहे. फक्त अर्नाळकरांचा नायक इतका वेळ नायिकेचा हात धरून बसत नाही, ही शंका मी काढली. गुरुजी म्हणाले, "उत्तरकाळात माणूस हळवा होतो."

मग आवाज चढवून, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले, "पण खरं वाचायचं तर उद्धव शेळक्यांची 'धग' वाचा! १९६० सालची कादंबरी, अस्सल वऱ्हाडी बोली, कौतिकसारखी बाई मराठीत दुसरी नाही." हेही शंभर टक्के खरं. बाक क्षणभर अदबीने गप्प झाला, काकूंनी पदर सारखा केला. ग्रंथपालाने मात्र डोळा मारला. याच शेळक्यांनी अमरावतीत बसून पोटापाण्यासाठी ढिगाने लोकप्रिय कादंबऱ्याही लिहिल्या. आमच्या वाचनालयात 'धग'ची पानं अजून कोरी करकरीत आहेत आणि त्या बाकीच्या कादंबऱ्या दोनदा जिल्द बांधूनही उभ्या राहत नाहीत. 'धग' बोलायची, बाकीच्या वाचायच्या, अशी वाटणी आम्ही समजुतीने करून घेतली आहे. 'धग'च्या नावाने मान डोलावणाऱ्या शहराने त्यांना दुसऱ्या कादंबऱ्या लिहायला लावल्या, असंही कोणी म्हणेल. पण तसं म्हणायला 'धग' वाचलेला माणूस लागेल.

"आणि या कादंबरीचा शेवट, गुरुजी?"

"पटला नाही. घाईत गुंडाळलाय."

चार मतं, तीन लेखक, पण शेवटावर एकमत. वऱ्हाडात चार माणसांचं एकमत होणं ही बातमी आहे. म्हणून रात्री मी तो न पटलेला शेवट वाचायला घेतला. पान २२३. पाऊस, बंगला, दोन्ही जिन्यांवर पावलं वाजतायत, नायिका दाराची कडी काढते आणि... पुढे रेग्झिन.

शेवटची चार पानं नाहीत.

सकाळी ग्रंथपालाला गाठलं. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, ते त मी लागलो तवापासून नाईत. जिल्दवाल्यानं पुढची चार कापली, मांगची चार त्याच्या आंधीच गेल्ती." मागे चिकटवलेल्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के मोजले. जिल्द झाल्यापासून ४१. म्हणजे ४१ वेळा ही कादंबरी शेवटाशिवाय घरोघर जाऊन आली, आणि एकाही वाचकाने 'शेवट कुठे आहे' असं विचारलं नाही. पटला नाही एवढंच सांगितलं.

मी बाकावर जाऊन हे जाहीर केलं. वाटलं, माणसं ओशाळतील. काकू म्हणाल्या, "म्हणूनच पटला नाई!" वकीलसाहेब म्हणाले, "पानं नव्हती हे तुम्ही सिद्ध करा." पोरगी म्हणाली, "ओपन एंडिंग होतं ते, काका." गुरुजी नुसते म्हणाले, "मी म्हटलंच होतं, घाईत गुंडाळलाय."

आता हा माझ्याच कुतूहलाचा प्रश्न झाला. अकोल्याच्या एका मित्राला फोनवर नायिकेचं नाव, बंगला आणि दोन जिने सांगितले. तो ओरडलाच, "अबे, हे पुस्तक त आमच्या माळ्यावर हाये! बाबानं आणलं होतं. तुमच्याकडच्याले शेवटच नाई? मंग इतके दिवस काय वाचून राह्यले बे तुमी?"

निघालो एसटीने. अमरावती-अकोला हा रस्ताही साधा नाही. जून २०२२ मध्ये या महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबरीकरण झालं आणि तेही गिनीज बुकात गेलं. अर्नाळकरांनंतर आपल्या लोकांनी वेगासाठी केलेली ही मोठीच कामगिरी. फरक एवढाच की अर्नाळकरांच्या प्रत्येक गोष्टीला शेवट असायचा. आपल्याकडे रस्त्याचं काम, सिंचनाचा प्रकल्प आणि कोर्टातला दावा या तिन्ही रहस्यकथांत पहिली दोनशे पानं झकास असतात. मुर्तिजापूरला बस थांबली, तेव्हा मला शकुंतला आठवली. यवतमाळ आणि अचलपूरकडे जाणारी ती नॅरोगेज गाडी वर्षानुवर्षं एका विलायती कंपनीच्या मालकीच्या रुळांवर धावली. प्रेम, रहस्य, परकीय हात, सगळं त्या गोष्टीत आहे. तिचीही शेवटची पानं कोणाकडे आहेत, हे मुर्तिजापूरकर अजून शोधतायत. आणि शेवट पटला नाही, हे त्यांना आधीच माहीत आहे.

अकोल्यात कूलरसमोर माळ्यावरची पेटी उघडली. प्रत सलग होती, पुढून मागून शाबूत. आधी पहिलं पान पाहिलं. लेखक काकोडकर नव्हते, सुशि नव्हते, अर्नाळकर नव्हते. ज्याचं नाव आमच्या बाकावर कधी कोणी उच्चारलं नाही असा एक माणूस होता. ४१ वेळा मोहल्ल्याचा आवडता लेखक होऊनही तो बिचारा अनोळखीच राहिला.

मग शेवट वाचला. फोडणार नाही, पण एवढं सांगतो. काकूंनी मारलेली पोरगी जिवंत आहे. वकील सुटला आहे, पुराव्याअभावीच. माळी त्या रात्री गावातच नव्हता, त्यामुळे नऊ मतं फुकट गेली. काहीही घाईत गुंडाळलेलं नाही, उलट लेखकाने एकेक धागा हाताला लागेल असा सावकाश सोडवला आहे. मला तर शेवट आवडला. हे मी अमरावतीत पहिल्यांदाच आणि तेही लेखी सांगतोय.

झेरॉक्स काढली, पुढची चार पानं आणि मागची चार. परत येऊन ग्रंथपालाच्या हातात दिली. मागची चार त्याने खळीने नीट चिकटवली. पुढची चार हातात घेऊन बराच वेळ पाहिली, मग घडी करून टेबलाच्या खणात ठेवली. "भाऊ, लेखकाचं नाव नोका लावू. मंग कोणी नेईन नाई. काकू काकोडकर म्हणून नेतात, वकीलसाहेब सुशि म्हणून. एका पुस्तकावर तीन लेखकांचं काम भागून राह्यलं." बजेटच्या दृष्टीने बोलणं चोख होतं. मी मान हलवली.

तीन आठवड्यांनी पुस्तक परत आलं. मी अधीर होऊन शेवटचं पान उघडलं. झेरॉक्सच्या खाली, मोकळ्या जागेत, ताज्या पेन्सिलीने कोणीतरी लिहिलं होतं,

'पयलेचा शेवट चांगला होता.'

आणि त्याखाली दोन रकाने आखले होते. एका बाजूला तीन रेघा, दुसरी बाजू कोरी. मी खिशातली पेन्सिल काढली, इकडेतिकडे पाहिलं. बाकावरून काकू पाहत होत्या.

चौथी रेघ मारली आणि घरी आलो.