झिरो बघा, काका

झिरो मी बघितला होता. पुढचं सगळं सांगण्याआधी एवढं नोंदवून ठेवतो. पंपावरच्या मुलीने "काका, झिरो बघा" म्हटल्यावर मी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, मान वळवून झिरो बघितला आणि "हं" म्हणालो. झिरो अगदी बरोबर होता. नळी चुकीची होती.

पेट्रोल पंपावर माणूस फसतो तो झिरोतच, ही आपल्याकडची पक्की समजूत. शाळेत ज्यांनी शून्याची धास्ती घेतली, तेसुद्धा इथे शून्य दिसलं की निर्धास्त होतात. त्या शून्यापुढे नळीतून काय येतंय, हे कोणी बघत नाही. मीही बघितलं नाही. डिझेलच्या गाडीत 31 लिटर पेट्रोल गेलं आणि मी वर त्या मुलीला सुट्टे पंचवीस रुपये ठेवून घ्यायला सांगितलं.

हे एखाद्या नवशिक्याच्या हातून झालं असतं तर लेख लिहायची वेळ आली नसती. पण आमच्या नात्यागोत्यात डिझेल या विषयातला अधिकारी पुरुष मी आहे. ही नेमणूक कोणी केली नाही, मीच रुजू झालो. माझी गाडी जुन्या बाजारातली, पण तिचं 1248 सीसीचं इंजिन मूळचं फियाटचं. एके काळी ते इतक्या कंपन्यांच्या गाड्यांत बसलं होतं की लोक गमतीने त्याला 'राष्ट्रीय इंजिन' म्हणत. एप्रिल 2020 पासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. तेव्हापासून मी माझ्या गाडीकडे आजीच्या पैठणीकडे बघावं तसा बघायला लागलो. पैठणी निदान कपाटात राहते. मी गाडी लग्नाकार्याला नेतो आणि लोकांना बॉनेट उघडून दाखवतो.

या गाडीच्या टाकीच्या झाकणावर आधीच्या मालकाने 'डिझेल' असा पिवळा स्टिकर लावला होता. गाडी घेतली त्याच संध्याकाळी मी तो नखाने खरवडून काढला. टुरिस्ट टॅक्सीसारखं दिसत होतं. आणि मला काय, माझी गाडी डिझेलची आहे हे वाचून कळणार होतं?

त्या दिवशी आम्ही पुण्याहून कराडला लग्नाला निघालो होतो. शेजारच्या सीटवर साडू, मागे दोघी बहिणी. साडूने नुकतीच इलेक्ट्रिक गाडी घेतली आहे, पण कराडपर्यंतच्या चार्जिंगचा भरवसा वाटेना म्हणून तो माझ्या गाडीत बसला होता. एवढा विजय माझ्यासारख्याला पुरे होता, पण मी थांबलो नाही. कात्रजपासून त्याला डिझेल समजावून सांगायला घेतलं. स्पार्क प्लग नाही, ठिणगी नाही. नुसती हवा दाबून इतकी तापवायची की तेल पडताक्षणी पेट घ्यावं. "तुझ्या टायरमध्ये हवा किती? 32 पाउंड? इथे कॉमन रेलमध्ये तेलाचा दाब वीस हजार पाउंडांच्या घरात!" साडू "हो का" म्हणाला. साडू फार सभ्य माणूस आहे.

शिरवळ मागे पडेपर्यंत मी रुडॉल्फ डिझेलपर्यंत पोचलो होतो. 1900 सालच्या पॅरिसच्या प्रदर्शनात त्याचं इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवलं होतं. पुढे 1913 मध्ये इंग्लंडला जाताना हा गृहस्थ रात्री बोटीवरून नाहीसा झाला. मी आवाज खाली आणून ही गोष्ट रंगवत असतानाच गाडी पंपावर वळवली. एसी चालू होता म्हणून काच चार बोटं खाली केली आणि मुलीने "काय टाकू काका?" विचारल्यावर म्हणालो, "पेट्रोल. फुल." आणि साडूकडे वळून वाक्य पुरं केलं, "शेंगदाण्याचं तेल, विचार कर!"

यात थोडा दोष मराठी भाषेचाही आहे, हे माझं प्रामाणिक मत आहे. आपण पेट्रोल भरायला जातो. डिझेल भरायला कोणी जात नाही. पंपावर दोन्ही मिळतं, तरी तो पेट्रोल पंपच. ज्याच्या ट्रकने जन्मात पेट्रोलचा थेंब चाखला नाही तो ड्रायव्हरही 'पेट्रोल पंपाच्या पुढं डावीकडं' असाच पत्ता सांगतो. आणि आमच्या सौभाग्यवतींनी मागून तीनदा सांगितलं होतं, "अहो, पेट्रोल भरून घ्या, घाटात पंचाईत नको."

पंचाईत घाटातच झाली. नळ्यांत आणि फिल्टरमध्ये जुनं डिझेल होतं तोवर गाडी नेहमीसारखी पळाली. खंबाटकीचा चढ लागला आणि इंजिन खोकायला लागलं. मग खडखड, मग मागे पांढरा धूर, मग काही नाही. "हाच का तो वीस हजार पाउंडांचा दाब?" साडूने विचारलं. टोमणा मारावा असा त्याचा स्वभाव नाही. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

टोमॅटोचे रिकामे क्रेट घेऊन निघालेल्या एका टेम्पोने टोचन लावून आम्हाला खाली आणलं. गॅरेजवाल्याने टाकीचं झाकण काढून वास घेतला. माझ्याकडे न बघताच विचारलं, "किल्ली फिरवली का?"

"चालवत नेली की घाटापर्यंत."

तो गप्प झाला. डॉक्टर रिपोर्ट बघून गप्प होतात तसा. पेट्रोल टाकीत गेल्यावर किल्ली फिरवली नसती तर टाकी उपसून, धुऊन काम भागण्यासारखं होतं. डिझेल हे जळणही आणि वंगणही. पंपातले भाग त्याच्याच ओलाव्यावर फिरतात. पेट्रोल वंगण धुऊन काढतं, मग लोखंडावर लोखंड घासतं आणि त्याचा बारीक कीस पुढे इंजेक्टरपर्यंत जातो. हे सगळं तो मला समजावून सांगत होता. मी "हो का" म्हणत होतो.

टाकी उतरवली. माझं 31 लिटर पेट्रोल आणि तळाशी उरलेलं 5 लिटर डिझेल, एकूण 36 लिटर निघालं. 36चा आकडा मी तोवर फक्त भाषेत ऐकला होता, कॅनमध्ये भरलेला प्रथमच पाहिला. "वास घेऊन बघा," गॅरेजवाला म्हणाला. मी वाकलो आणि एकदम कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या विहिरीवर जाऊन पोचलो.

विहिरीवर वडिलांचं ऑइल इंजिन होतं. किर्लोस्करचं, एका सिलिंडरचं, पाच हॉर्सपॉवरचं. पुण्यात किर्लोस्करांचा ऑइल इंजिनचा कारखाना निघाला 1946 साली आणि वडिलांचा जन्मही त्याच सालचा, त्यामुळे ते त्या इंजिनाला बरोबरीच्या माणसासारखं वागवत. सकाळी पागोटं बाजूला ठेवायचं, खटका उचलून धरायचा, हँडल फिरवायचं, जड चाकाने वेग घेतला की खटका सोडायचा. ठक्. मग थोडा वेळ काहीच नाही. त्या थोड्या वेळात वडील इंजिनाला जे बोलत ते इथे छापता येणार नाही. मग ठक्, ठक्, ठक्ठक्ठक्, आणि धुराड्यावर पालथा घातलेला पत्र्याचा डबा नाचायला लागायचा. नुसत्या आवाजावरून कोणाचं इंजिन चालू झालं ते सगळ्या शिवाराला कळे. आमचं जरा लंगडत चाले. हँडलला मला हात लावू देत नसत, कारण ते उलटं मारतं. गावातल्या दोघांची मनगटं त्याने मोडली होती. मला काम एकच होतं, वास घ्यायचं. तेल कॅनमध्ये यायचं, कॅन सगळे सारखेच. वडील माझ्या एका तळहातावर डिझेल आणि दुसऱ्यावर रॉकेल टाकत आणि डोळे मिटायला सांगत. "कुठलं हाय, सांग." मी चुकलो की म्हणत, "नाक कशाला दिलंय मग देवानं? शेंबडाला?" एकदा मोटारसायकलवाल्या पाहुण्याकडून पेट्रोलचे चार थेंब मिळाले, तर तेही हातावर टाकले. हात गार पडला आणि बघता बघता कोरडा झाला. "हे उडून जातं," वडील म्हणाले. "डिझेल ऱ्हातं." ते खरंच राहायचं. जेवताना वडिलांच्या बोटांना साबणाबरोबर डिझेलचा वास असे, आणि भाकरीचा पहिला तुकडा ते मला त्याच बोटांनी भरवत. पुढे विजेची मोटर आली, इंजिन गोठ्यात गेलं, मग भंगारात. मी तेव्हा पुण्यात नोकरीला होतो. वडिलांनी ते कितीला दिलं हे मी विचारलंसुद्धा नाही.

आठव्या वर्षी मला डोळे मिटून जमत होतं ते साठीला डोळे उघडे ठेवून जमलं नाही. काच वर, एसी चालू, बाहेर 31 लिटर पेट्रोल ओतलं जातंय आणि नाक रुडॉल्फ डिझेलमध्ये खुपसलेलं.

पण हे सगळं शहाणपण नंतरचं. त्या क्षणी मला राग आला होता. तो स्वतःवरचा होता, आणि असा राग नेहमी दुसऱ्यावर काढावा लागतो. पंप जवळच होता. मी तडक गेलो आणि मॅनेजरपुढे आवाज चढवला. त्याने मुलीला बोलावलं. ती म्हणाली, "काका पेट्रोल म्हणाले."

"मी असं म्हणेनच कसा?" मी म्हणालो. "डिझेलची गाडी आहे माझी!"

साडू टायरमध्ये हवा भरायच्या यंत्राकडे फार बारकाईने बघत होता. मॅनेजरने कॅमेरा तपासतो म्हणून सांगितलं, मग स्वतःच म्हणाला, त्यात आवाज येत नाही. मला हायसं वाटलं. हे लिहिताना बरं वाटत नाही, पण वाटलं खरं. मॅनेजर म्हणाला, "जाऊ दे साहेब, हिच्या पगारातून दोन महिने थोडं थोडं कापून तुमचं पेट्रोल भरून देऊ." मुलगी एकोणीस-वीसची असेल. ओढणी तोंडाला बांधलेली, फक्त डोळे दिसत होते. ती वाद घालत नव्हती. ऐकून घ्यायची सवय असलेली माणसं उभी राहतात तशी उभी होती.

खरं बोलायला मला किती वेळ लागला? माझ्या मते दोन मिनिटं. साडू दहा म्हणतो, आणि तो सभ्य आहे हे मी वर लिहून बसलो आहे. शेवटी मी म्हणालो, "नाही. पेट्रोल मीच म्हणालो होतो. हिची चूक नाही." मॅनेजरच्या चेहऱ्यावर 'मला माहीत होतं' असे भाव होते. मुलीच्या डोळ्यांत तसलं काही नव्हतं. ती म्हणाली, "मी परत एकदा विचारायला पाहिजे होतं, काका."

तिने मला चार शिव्या दिल्या असत्या तर लग्नात जेवण तरी गेलं असतं.

लग्न आम्ही एसटीने गाठलं. गाडी तिसऱ्या दिवशी मिळाली. टाकी आणि नळ्या धुऊन झाल्या होत्या, फिल्टर नवा, इंजेक्टर तपासलेले, बिल 7,800 रुपये. पंप थोडक्यात वाचला, असं गॅरेजवाला म्हणाला. 36 लिटरचे कॅन त्याने पार्ट धुवायला ठेवून घेतले आणि त्याचे पैसे धरले नाहीत. मीही मागितले नाहीत.

परत येताना वाटेतल्या स्टिकरच्या टपरीवर थांबलो. 'आईचा आशीर्वाद' आणि 'बघतोस काय, मुजरा कर' यांच्या मध्ये हवा तो सापडला: पिवळा, ठसठशीत देवनागरीत 'डिझेल', तीस रुपये. झाकणाच्या आतून लावता आला असता, पण बाहेरूनच लावला. गाडी आता हुबेहूब टुरिस्ट टॅक्सीसारखी दिसते. परवा स्वारगेटला सिग्नलवर थांबलो होतो, तर एक जण काचेवर टकटक करून विचारत होता, "साताऱ्याला सीटचे किती घेणार?"