शंका, समाधान आणि शेपर्ड

औरंगपुऱ्यात गोष्ट सांगणाऱ्याने जरा जपूनच राहावं. इथे नाथमंदिर आहे, म्हणजे कीर्तन ऐकून तयार झालेले कान आहेत. सरस्वती भुवन आहे, म्हणजे निवृत्त मास्तर आहेत. पुस्तकांची दुकानं आहेत, म्हणजे उभ्या उभ्या चाळून मत बनवणारेही आहेत. बुवांनी मारुतीकडून द्रोणागिरी आणवला की पुढच्या रांगेतून हमखास शंका येते : काम झाल्यावर तो परत कुणी नेऊन ठेवला? बुवाही कसलेले असतात. आधी समाधान सांगतात, ते पुरलं नाही तर 'लीला' म्हणतात, आणि त्यानेही भागलं नाही तर टाळकऱ्यांकडे बघतात.

त्या पुढच्या रांगेत माझी आई असते. आमचा भाचा ओंकार इंजिनिअरिंगसाठी आमच्याकडे राहायला आला आणि त्याने व्हिडिओ गेमचा डबा घरातल्या एकुलत्या एक टीव्हीला जोडला, तेव्हा आईची मालिका बंद पडली. ती रुसली नाही. खुर्ची ओढून समोर बसली आणि म्हणाली, "चालू दे तुझं. गोष्ट काय आहे ती सांग."

गोष्ट 'मास इफेक्ट'ची होती. बायोवेअर या कॅनडातल्या कंपनीने 2007, 2010 आणि 2012 मध्ये तीन भागांत काढलेली अंतराळातली लढाई, नायक कमांडर शेपर्ड. दुसऱ्या भागाच्या सुरुवातीलाच शेपर्ड मरतो आणि दोन वर्षांनी त्याला पुन्हा जोडून उभा करतात. मला वाटलं, आई इथेच अडणार. पण मेलेला माणूस परत येणं हा रोज साडेआठची मालिका बघणाऱ्या बाईला आक्षेपाचा मुद्दाच वाटला नाही. "तोंड तेच ठेवलं ना? मग ठीक," एवढंच म्हणाली.

ती अडली बंदुकीवर. पहिल्या भागात बंदुकीला गोळ्यांची चिंता नसते. झाडत राहा, तापली की थांबा, निवली की पुन्हा झाडा. दुसऱ्या भागात मात्र बंदूक तापली की आतली उष्णता शोषणारी डबी टाकून नवी बसवावी लागते, आणि त्या डब्या संपतात. ही पद्धत म्हणे शेपर्ड मेलेला असताना, त्या दोन वर्षांत, सगळ्या आकाशगंगेने उचलली. एवढंही आईने मान्य केलं. पुढे शेपर्ड एका निर्जन ग्रहावर उतरतो. तिथे एक जहाज कोसळलेलं, माणसं दहा वर्षं जगापासून तुटलेली. त्यांच्यातही गोळीबार होतो, आणि पडलेल्या माणसापाशी काय सापडतं? डबी.

"दहा वर्षं अडकलेल्यांकडे दोन वर्षांपूर्वीची वस्तू कशी रे?" आई म्हणाली.

जहाजाचं नाव 'ह्यूगो गर्न्सबॅक', म्हणजे ज्याने 1926 मध्ये अमेरिकेत विज्ञानकथांचं मासिक सुरू केलं तो गृहस्थ. नेमकी त्याच्याच नावाच्या जहाजात ही फट राहावी! ओंकार म्हणाला, "आजी, एखादा फिरता व्यापारी येऊन गेला असेल." मग तो व्यापारी यांना सोबत का घेऊन गेला नाही, ही पुढची शंका. ओंकारने गेम थांबवला आणि अभ्यासाला बसला. घरातल्या सगळ्यांनी हे प्रथमच पाहिलं.

तशी फटींसकट राहायची आम्हाला सवय आहे. बावन्न दरवाजांचं शहर म्हणून पाहुण्यांना सांगतो, मोजायला निघालं की आकडा बावन्नपर्यंत जात नाही. शहराचं नाव 2023 मध्ये बदललं, औरंगपुरा मात्र आहे तिथेच आहे. आणि नाथसागर काठोकाठ भरल्याचा फोटो पेपरात येतो, त्या सकाळी आमच्या नळाला पाणी येऊन आठवडा उलटलेला असतो. याच्यापुढे डबी म्हणजे काहीच नाही.

पण खरी मौज तिसऱ्या भागाच्या शेवटी. रीपर नावाची अजस्र यंत्रं दर पन्नास हजार वर्षांनी येऊन पुढारलेल्या सगळ्या जमाती खुडून नेतात. का? तर या जमाती कधीतरी यंत्रं बनवतील आणि ती यंत्रं त्यांचा नाश करतील, तो टळावा म्हणून. आईने डोळे मिटले. "म्हणजे यंत्रांनी मारू नये म्हणून यंत्रांनीच मारायचं?"

"मारत नाहीत आजी. त्यांचा रस काढून नव्या रीपरमध्ये साठवतात. जपून ठेवतात."

"लोणचं घालतात म्हण की."

शिवाय ओंकारने तोवर गेथ ही यंत्रं आणि त्यांना घडवणारे क्वेरियन यांच्यात समेट घडवून आणला होता. म्हणजे रीपरांचा मुद्दाच निकालात निघाला होता. हे शेपर्डने त्यांना ठणकावून सांगायला नको? सांगत नाही. निमूटपणे लाल, निळा, हिरवा यांतला एक शेवट निवडतो.

या शेवटावर 2012 च्या मार्चमध्ये जगभरचे खेळाडू भडकले. त्यांनी कंपनीला चारशेच्या आसपास कपकेक पाठवले. वरची साय लाल, निळी, हिरवी. चव सगळ्यांची एकच. निषेधाची इतकी गोड रीत मी दुसरी ऐकलेली नाही. जूनमध्ये कंपनीने वाढीव शेवट फुकट दिला. त्यात शेपर्डचं जहाज ऐन रणधुमाळीत शत्रूच्या तोफेसमोर उतरतं, जखमींना चढवून घेतं, निरोपाची भाषणं होतात, आणि तोवर तो महाकाय रीपर शांत उभा राहतो. आईला यात काही खटकलं नाही. "धर्मयुद्ध आहे. निरोप चालू असताना मारत नसतात."

काही भक्तांनी तर असं मांडलं की तोफेचा झोत लागल्यापासून पुढचं सगळं शेपर्डच्या मनातच घडतं, रीपरांनी त्याच्या बुद्धीवर पांघरूण घातलंय. ओंकारने हे समजावायला बराच वेळ घेतला. आईने एका शब्दात आटोपलं, "माया."

वाढीव शेवटाचंही तिला नवल नव्हतं. नाथांचं भावार्थ रामायण युद्धकांडातच थांबलं आणि पुढचं त्यांच्या गावबा नावाच्या शिष्याने पुरं केलं. हा गावबा पुरणपोळीच्या ओढीने नाथांच्या वाड्यात राहिला, असं पैठणची आख्यायिका सांगते. थोडक्यात, गोडाधोडाचा आणि अपुऱ्या शेवटाचा संबंध आमच्याकडे आधीपासूनच आहे.

मध्ये ओंकारने पुण्याच्या सुपरगेमिंगचा 'इंडस' लावून पाहिला. 2024 साली आलेला, भविष्यातल्या भारताच्या कल्पनेवर रचलेला. विरलोक नावाचा ग्रह, तिथे कॉस्मियम नावाचं मौल्यवान खनिज, ते मिळवायला आलेली मंडळी. आईने विचारलं, "सगळे खनिजासाठी आलेत, तर एकमेकांनाच का मारायलेत?" ओंकार समाधान शोधू लागला. तेवढ्यात तिनेच विचारलं, "पुण्यात बनवलाय म्हणालास ना?" "हो." "मग असू दे."

डबी मात्र तिच्या डोक्यातून गेली नव्हती. परवा भाजी निवडता निवडता म्हणाली, "ओंकार, त्या जहाजावर दहा वर्षं झाली, हे तुला कुणी सांगितलं?"

"तिथल्या कप्तानाने."

"म्हणजे ज्याने चांगलं अन्न स्वतःला ठेवलं, बाकीच्यांना विषारी खाऊ घालून त्यांची बुद्धी नासवली आणि मदतीचा संदेश मुद्दाम दाबून ठेवला, तोच ना? त्याचं सगळं खोटं, आणि दहा वर्षं तेवढी खरी?"

ओंकार बघतच राहिला. मग इंजिनिअरिंगला शोभेल असं म्हणाला, "पण आजी, जहाजाच्या नोंदी असतात ना! त्यात तारखा..."

"नोंदी कोण लिहितं?"

"कप्तान."

"मेथीच्या काड्या तिकडे टाक."