भाजे लेणी कला महाविद्यालय (कायम विनाअनुदानित)

मावळात बीए करायची मुदत ठरलेली असते. मुलगा असेल तर पोलीस भरती निघेपर्यंत, मुलगी असेल तर स्थळ येईपर्यंत. दोन्ही लांबलं तर एमए. इंजिनिअरिंगला नंबर लागला की आळीत पेढे वाटतात. बीएला प्रवेश मिळाल्याची बातमी घरातली माणसं शेजाऱ्यांना आवाज खाली करून सांगतात आणि लगेच पुढे जोडतात, “एमपीएससीचंही बघतोय तो.”

खरं तर कला शाखेच्या जिवावर पोट भरणारं गाव बघायचं असेल तर रविवारी मळवलीला उतरून भाज्याच्या वाटेला लागावं. वडापाव, कणसं, पार्किंग, भाड्याचे बंगले, सगळं जोरात. गर्दी कशाला आलेली असते? लेणी, लोहगड, विसापूर आणि धबधबा. यातला धबधबा भूगोलाचा, बाकी सगळं इतिहासाचं. लोहगड तर जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत जाऊन बसला. ताळेबंद बघायला अजून कुणी डोंगर चढल्याचं ऐकिवात नाही. तरीही ‘इतिहास घेऊन काय करणार?’ हा प्रश्न याच गावात, इतिहासावर आलेल्या गिऱ्हाईकाला चहा देता देता विचारला जातो.

यावर उपाय म्हणून लेण्यांनाच कला महाविद्यालय म्हणून संलग्नता मिळावी, असा प्रस्ताव मी मनातल्या मनात दाखल केला. नियमाप्रमाणे स्थानिक चौकशी समिती आली. पायऱ्या चढून धाप लागल्यामुळे समितीचा अहवाल थोडा कडक झाला आहे. त्यातला सारांश असा.

स्थापना : अर्जदार म्हणतात, इसवी सनापूर्वी दुसरं शतक. ऑनलाइन फॉर्ममध्ये वर्षाला चार रकाने असून ‘सनापूर्वी’ लिहायची सोय नाही. १९४९ साली स्थापन झालेल्या विद्यापीठाला संलग्न होणारी संस्था त्याहून जुनी कशी, याचाही खुलासा व्हावा.

इमारत : एकूण २२ लेणी. सगळी डोंगरात कोरलेली. बांधकाम असं झालेलंच नाही, त्यामुळे भोगवटा प्रमाणपत्र देता येत नाही. चैत्यगृहाच्या छताला लाकडी कमानी आहेत. त्या दोन हजार वर्षं जागेवर आहेत, पण डेड स्टॉक रजिस्टरला नोंद नाही.

वसतिगृह : खोल्यांतून दगडी ओटे आहेत. गाद्यांची तीन कोटेशनं मागवलेली दिसत नाहीत.

पाणी : महारठी विण्हुदत्त यांनी दान दिलेली पोढी म्हणजे टाकं आहे, तसा लेख वर कोरलेला आहे. पाणी तपासणीचा दाखला मात्र कोरलेला नाही.

देणगीदार : एका लेखात बाधा नावाच्या बाईचं दान नोंदलं आहे. पत्ता नाही, पॅन नाही. ओळख एवढीच, की ती एका नांगरणाऱ्याची बायको. शिक्षणसंस्थेवर साहेबांचं, साहेबांच्या वडिलांचं किंवा साखर कारखान्याचं नाव घालायची रीत असताना शेतकऱ्याच्या बायकोचं नाव दगडात कोरणं हा पायंडा घातक आहे.

प्राध्यापक : एका बाजूला १४ स्तूप असून त्यांतल्या काहींवर धम्मगिरी, संघदिन अशा थेरांची, म्हणजे ज्येष्ठ भिक्षूंची, नावं वाचता येतात. ही मंडळी दिवंगत असली तरी पूर्णवेळ आहेत. हल्ली जिवंत प्राध्यापकसुद्धा तासिका तत्त्वावर घ्यावे लागतात, त्यामुळे इतकी कायम पदं कुणी मंजूर केली याची चौकशी व्हावी.

सत्र : भिक्षू पावसाळ्याचे महिने एका जागी राहून अभ्यास करत, असं कळतं. म्हणजे पहिलं सत्र बरोबर जुळतं. मात्र त्याच महिन्यांत आता परिसरात स्पीकर लावून भिजण्याचा कार्यक्रम असतो.

अभ्यासक्रम : हा सर्वांत गंभीर दोष. विहारात चार घोड्यांच्या रथातली एक मूर्ती आहे आणि हत्तीवर बसलेली दुसरी. बरेच विद्वान सूर्य आणि इंद्र म्हणतात, काही जण ते मानत नाहीत. वाद्य वाजवणारी बाई आहे. तिच्यापुढचं वाद्य तबला म्हणावं की नाही, यावरही एकमत नाही. ज्या प्रश्नाचं आदर्श उत्तर तयार नाही, तो परीक्षेत विचारता येत नाही. सबब हा मजकूर अभ्यासक्रमाबाहेरचा समजावा.

समितीचं चुकलं असं म्हणवत नाही. नव्या शैक्षणिक धोरणात पदवी म्हणजे श्रेयांकांची बेरीज. पंधरा तास बसलात की एक श्रेयांक. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह, व्हीएससी, एसईसी, आयकेएस अशी अक्षरं पाठ करण्यातच पहिलं सत्र जातं. मध्येच सोडायचीही मुभा आहे, अगदी लोणावळा-पुणे लोकलसारखी : एका वर्षानं कामशेतला उतरा, प्रमाणपत्र घ्या. दोन वर्षांनी वडगावला पदविका. तिसऱ्या वर्षी तळेगावला पदवी. चार वर्षं बसून राहिलात तर पुण्याला ऑनर्स. नोकरी मागच्या गाडीनं येते आहे, असं स्पीकरवर सांगतात.

आता भाज्यातल्या एखाद्या एफवायच्या पोरीचं बघा. घराच्या दारातून लेणी दिसतात. रविवारी आईच्या टपरीवर भजी तळता तळता ती शंभर जणांना वाट सांगते, आत काय बघायचं तेही सांगते, आणि पुण्याच्या काकांनी “हे पांडवांनी एका रात्रीत कोरलं” असं मुलांना सांगितलं की त्यांची चूकही दुरुस्त करते. याचे श्रेयांक शून्य, कारण टपरीला लेटरहेड नाही. सोमवारी ती लोकल पकडून कॉलेजला जाते आणि ‘भारतीय ज्ञान प्रणाली’चा तास भरते. नोट्स व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये येतात. ‘आपल्या परिसरातील वारसास्थळ’ हा प्रकल्प ती मोबाइलवरून उतरवून काढते, कारण स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर ‘संदर्भ कुठे आहेत?’ म्हणून मार्क कापतात. मग स्पायरल बाइंडिंग, वर पारदर्शक कव्हर. गुण कव्हरला.

३ ऑक्टोबर २०२४ ला मराठी अभिजात ठरली तेव्हा मात्र आपण सगळ्यांनी भाषणं केली. भाषेचं वय सांगायला आपल्याला शिलालेख लागतात. ते वाचणारी पोरं बीएच्या वर्गातूनच यायची, हे भाषणात बसलं नाही.

असो. समितीनं संलग्नता नाकारली. लेणी वाया जाऊ नयेत म्हणून शैक्षणिक सहलीसाठी त्यांना मान्यता दिली. जिओ टॅग केलेला फोटो जोडला की एक श्रेयांक. ही सवलत भाज्यातल्या विद्यार्थ्यांना लागू नाही, कारण सहल म्हटली की गावाबाहेर जायला हवं. त्यांना अजिंठ्याला नेण्यात येईल. बसभाडं पालकांनी भरायचं आहे.